खंडेनवमीला चाललेलं यंत्र

शामलाने हट्ट धरून आणवलेलं यंत्र आता परत जाणार होतं.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत मनोहररावांचा प्लास्टिकच्या पाइपांचा कारखाना होता आणि शामला तिथली विजेची इंजिनिअर. पाइप काढणाऱ्या जुन्या यंत्राचा वेग बदलायचा तर पट्टा काढून दुसऱ्या पुलीवर चढवावा लागे. म्हणून तिने मालकांना मोटरचा वेग विजेनेच बदलणारा ड्राइव्ह घ्यायला लावला. बटण फिरवलं की मोटर हव्या त्या वेगाने फिरे आणि पाइपाची जाडी सारखी राही. पण उन्हाळ्यापासून त्याचे फ्यूज रोज उडू लागले. कधी मोटरला वीज मोजून सोडणारा आतला थायरिस्टरही जळे, आणि तो त्या काळी मुंबईहून मागवावा लागे.

"दसरा झाला की ड्राइव्ह कंपनीले परत," मनोहरराव म्हणाले. "पट्टा बरा होता, बाई. तुटे, पण जळे नाही."

"दोष ड्राइव्हचा नाही, साहेब. शेजारच्या फाउंड्रीत उन्हाळ्यापासून विजेवर लोखंड वितळवतात. त्यांची भट्टी लागली की आपल्या लायनीतला विजेचा दाब खाली बसते अन् लगेच उसळते. अंधारात जिना उतरताना पायरी आहे समजून पाय टाकावा अन् पायरीच नसावी, तसा दणका बसते. मोटर जाड हाडाची, सोसते. थायरिस्टर नाजूक, तो जाते." तिने लायनीवर टांगलेला बल्ब दाखवला. "पाहा, कसा मिचकते."

"विदर्भातला कोणता बल्ब मिचकत नाही?"

भट्टी बंद असताना ड्राइव्ह चालवून दाखवणं, एवढाच मार्ग उरला होता. भट्टी दिवसभर थंड राहणार होती फक्त खंडेनवमीला. पण त्या दिवशी घरोघरी हत्यारांची, कारखान्यांत यंत्रांची पूजा. तिने परवानगी मागितली तेव्हा मनोहररावांनी कानांवर हात ठेवले.

"पुजलेल्या मशीनले हात? माझ्या हयातीत नाही."

यंत्र चालवणारे रुपराव तंबाखू मळत ऐकत होते. "पुजलेल्या मशीनले नाही ना, साहेब? मंग पूजाच दिवस मावळताना करू. तोवर ते बिनपुजलेलं."

"तुम्ही वकील काहून नाही झाले गा, रुपराव?" मालक हसले, आणि हसता हसता होकार देऊन बसले.

खंडेनवमीला शेजारी सकाळीच आरती झाली, भट्टी निवली. शामलाने बटण फिरवलं. पाइप निघू लागला. मनोहरराव येरझाऱ्या घालत दर फेरीला फ्यूजकडे बघत होते. बल्ब न मिचकता तेवत राहिला. उन्हं कलली तरी एकही फ्यूज उडाला नाही.

मालक पूजेचं ताट घेऊन आले. "पटलं. करा बंद."

"आधी शब्द द्या," शामला बटणावरचा हात न काढता म्हणाली. "ड्राइव्हच्या अगोदर लायनीत चोक बसवाचा. तांब्याच्या तारेचं जाड वेटोळं असते ते, दणका आधी त्याच्यावर जाते. अन् आपल्याले वेगळा ट्रान्सफॉर्मर पाहिजे, त्याचा वीज मंडळाले अर्ज."

"अन् नाही दिला शब्द तं?"

"तं मशीन चालूच राहते. मुहूर्त तुमचा टळते."

"हा तं घेराव झाला!"

रुपराव हसू लपवायला भिंतीकडे वळले. ताटातलं निरांजन फडफडत होतं.

"बरं," मनोहरराव म्हणाले. "चोक आणा. अर्जावर सही करतो."

तिने वेग सावकाश उतरवला. मोटर थांबली. मालकांचं कुंकवाचं बोट सवयीने जुन्या यंत्राकडे निघालं होतं, ते मधेच वळलं आणि ड्राइव्हच्या पेटीच्या दारावर टेकलं.

"चोक बसू द्या, भट्टी लागू द्या," ते म्हणाले, "मंग पाहू."

"पाहू ना," शामला म्हणाली. "मी इथंच उभी राहीन."