खरवडून टाकलेले शेजारी

आल्माटीच्या आमच्या प्रयोगशाळेत माझे काम खरवडण्याचे. प्रोस्टेटच्या गाठीचा तुकडा आला की भोवतीचे तंतू आणि आधारपेशी काढून फेकायच्या, निव्वळ कर्कपेशी काचेच्या बशीत वाढू द्यायच्या. प्रमुख तुरसिन आगांच्या औषधाने त्या तीन दिवसांत मरत.

त्या हिवाळ्यात मी खरवडलेले फेकले नाही. दोन्ही एकत्र वाढवले. आधारपेशींच्या सोबतीत कर्करोग औषध पचवून जगला, आणि त्या निरुपद्रवी शेजाऱ्यांनी पाडलेल्या वाटांवरून दूरवर सरकला. माणसाच्या शरीरातले हे शेजारी कोण खरवडणार होते? औषध यशस्वी ठरल्याचा आमचा अहवाल रुग्णालयात गेला की बारा रुग्णांचे चालू उपचार थांबवून हेच औषध सुरू होणार होते.

मी आगांना छायाचित्रे दाखवली. "कचरा पेरलास, कचरा उगवला," एवढेच ते म्हणाले.

अहवालावर सह्या व्हायच्या होत्या त्या दिवशी जेवणात मेंढ्याचे डोके होते. ते कापण्याचा मान आगांचा. त्यांनी कान कापला आणि सर्वांदेखत माझ्या ताटात टाकला. कान लहान पोरांना देतात, थोरांचे ऐकावे म्हणून. मी एकतीस वर्षांचा होतो.

"खा, ऐदोस. ऐकायला लागशील."

"दुसरापण द्या, आगा!" माझ्या शेजारी वर्षानुवर्षे काम केलेल्या रौशन आपा हसल्या. "एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडतो हा."

हशा पिकला. मी कान खाल्ला. ताटात आलेले नाकारायचे नसते. मग अहवाल पुढे सरकला. नमुने साफ करणाऱ्याची, म्हणजे माझी, सही बाकी होती.

"मी सही करणार नाही, आगा," माझा आवाज मलाच परका वाटला. "त्या पेशी मी एकट्या पाडल्या, म्हणून मेल्या. रुग्णाच्या अंगात त्या एकट्या नसतील."

"तुला इथं आणलं कुणी रे? माझ्याच ताटात जेवून मलाच शिकवतोस? उद्यापासून तोंड दाखवू नकोस. रौशन, तू कर सही."

रौशन आपा बराच वेळ हात पुसत राहिल्या.

"नमुने मी नाही साफ केले, आगा."

"मग कोण करणार?" आगा गरजले.

प्रत्येकाने आपापल्या ताटात पाहिले. पेन कुणीच उचलले नाही. अहवाल त्या दिवशी गेला नाही.

मी कोट चढवला. मला निरोप द्यायला कुणी उठले नाही. आगांच्या बाजूनेही कुणी बोलले नाही.