शनिवारचा दहाचा फोन

"ताई, गाडी डोळे झाकून घ्या. पण जुनी गाडी घेतली की जुना मालकही पदरात पडतो, एवढं ध्यानात असू द्या. हे काका तुम्हाला सहजासहजी सोडायचे नाहीत."

माझ्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून मेकॅनिकने मला विकत घ्यायला आलेल्या मुलीला हे हळूच सांगितले होते. ती हसली. "फोनच करतील ना? राहायला तर येणार नाहीत!" म्हणाली आणि दुसरे चाक तपासायला गेली.

मित्रांनो, मी एक जुनी, राखाडी रंगाची, सात माणसांची उंच गाडी. वय चौदा वर्षे. गाडीच्या हिशेबाने मी आता आजीच. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे कुणी मला दारे लावली, कुणी काचा. शेवटी एका बाईने पांढरा हातमोजा घालून माझ्या अंगावरून हात फिरवला आणि रंगाचा सुकलेला एकच थेंब शोधून काढला. त्यानंतर मला इतक्या बारकाईने बघणारी माणसे दोनच भेटली. एक माझे पहिले मालक आणि दुसरी ही मुलगी.

पहिल्या मालकांना सगळे पंपकाका म्हणत. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात त्यांनी छत्तीस वर्षे काढली होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्राला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची पद्धत. पंप बंद पडायच्या आठ दिवस आधी ते सांगत, "हा आजारी आहे." वरिष्ठ हसत, आणि नवव्या दिवशी धावत येत.

काकांच्या घरी मी भरल्या संसाराची गाडी होते. पुढे काकू थर्मास घेऊन बसत. मधल्या सीटवर दोघी मुली खिडकीसाठी भांडत. सगळ्यात मागे सामान, पाहुणे आणि एकदा तर अख्खे कपाट. मग मुली नोकरीसाठी दूर गेल्या. पुढे काकूही गेल्या. माझ्यातली माणसे अशी कमी होत होत शेवटी एकटे काका उरले. तरी रविवारी ते सगळ्या सीटा पुसत. कुणी बसले नव्हते, तरी पुसत.

मग त्यांची नजर अधू झाली. एका सकाळी फाटकाच्या खांबावर त्यांनी माझी मागची डावी बाजू घासली. खाली उतरून त्यांनी तिथला पोचा बोटाने चाचपला. "आज खांब होता, उद्या कुणाचं पोर असेल," एवढेच म्हणाले आणि त्याच आठवड्यात पोचा बुजवून मला विकायला काढले. त्यांना कुणी सांगितले नव्हते, मित्रांनो. हे त्यांचे त्यांनी ठरवले.

बरेच जण आले. कुणी दार आपटून पाहिले, कुणी हॉर्न वाजवून. आणि एक दिवस ही मुलगी नवऱ्याला आणि मेकॅनिकला घेऊन आली, कडेवर वर्षाची लेक आणि हातात प्रश्नांचा कागद. आल्या आल्या तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"इंजिन गार आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे आपण यायच्या आधी गरम करून ठेवलं नाहीये. माणूस खरा दिसतोय."

मग तिने पिशवीतून फ्रीजवरचे बदकाचे चुंबक काढले आणि माझ्या अंगभर लावत फिरू लागली. जिथे पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे चुंबक चिकटत नाही, हे तिने कुठेतरी वाचले होते. बदक दारांना चिकटले, छताला चिकटले आणि मागच्या डाव्या बाजूला टपकन खाली पडले.

"तो मी केलेला पराक्रम," काका म्हणाले. "लिहून घ्या कागदावर."

तिने खरोखरच लिहून घेतले. सगळे सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहिले. पुराचे पाणी शिरले होते का, हे कळावे म्हणून गुडघ्यांवर बसून माझ्या पायपुसण्यांचा वास घेतला. नवरा लाजून दुसरीकडे बघू लागला. काका मात्र खुशीत होते. "अशीच पारखी हवी होती," ते म्हणाले. "माझ्या मुलींची स्थळं बघतानासुद्धा मी एवढं तपासलं नव्हतं."

अशी मी या घरी आले. इथल्या लेकीला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती कुठेही शिरते. माझ्या सीटांच्या फटींत बिस्किटे, खडू आणि एक मोजा कायमचे मुक्कामाला आले. रविवारची पुसापुशी संपली. मला वाईट वाटले का? थोडेसे. पण मुंगीची सीट बसवताना तिच्या आईने ती गदागदा हलवून तीनदा पाहिली, आणि मला वाटले, चला, इथेही कुणाला तरी काळजी आहे.

आणि शनिवारी सकाळी बरोबर दहाला फोन वाजला.

"कशी आहे ती?" काकांनी विचारले. "सुरू करून जरा फोन बॉनेटजवळ धरता का?"

तिने धरला. काका पलीकडे ऐकत राहिले. मग म्हणाले, "इंजिन गुणी आहे. पण मागं कुठं तरी धातूवर धातू वाजतोय. तिसऱ्या सीटखाली बघा." तिने पाहिले. मुंगीचा चमचा निघाला! नवरा हसून हसून खाली बसला. "हे काका आहेत की डॉक्टर?"

त्यानंतर दर शनिवारी फोन येऊ लागला. इंजिन ऐकून झाले की काका न चुकता विचारत, "आणि मुंगी काय म्हणते?" नवरा चिडवायचा, "तुझ्या दुसऱ्या सासऱ्यांचा फोन आला बघ!" तीही आधी हसायची. पण आठवडे गेले, महिने गेले. तेल बदललं का? चाकांत हवा किती? ब्रेक दाबल्यावर पाय कुठवर जातो? काळजी करण्यात ती स्वतः कुणाला हार जाणारी नव्हती. तिला वाटू लागले, आपण गाडी नीट ठेवत नाही असेच यांना म्हणायचे आहे.

एका शनिवारी मुंगीला ताप होता, ऑफिसचे काम अर्धे राहिले होते, आणि फोन वाजला. ती माझ्याच दाराशी उभी होती.

"काका, गाडी आता आमची आहे," ती म्हणाली. "काही झालं तर आमचं आम्ही बघू ना."

काका घाईघाईने म्हणाले, "हो हो. बरोबर आहे तुझं. माझं चुकलंच. मुंगीला जप."

पुढच्या शनिवारी दहा वाजले आणि फोन वाजला नाही. तिने सुटकेचा निःश्वास सोडला. त्याच्या पुढच्या शनिवारी तिने दोनदा फोनकडे पाहिले. फोन करावासा वाटे, पण काय म्हणून करायचा? असे पाच शनिवार गेले.

सहाव्या शनिवारी मी ओरडले. खरेच सांगते, मुद्दाम नाही. इंजिनावरचा बेल्ट सैल पडला होता, आणि किल्ली फिरवताच असा किंचाळू लागला की समोरच्या घरातल्या बाईंनी खडाडकन खिडकी लावून घेतली. तिने बॉनेट उघडले. मग फोन काढला. आता कारण मिळाले होते.

"काका, मी बोलतेय. गाडी ओरडतेय हो. ऐकवते हं." तिने फोन बेल्टजवळ धरला. मी जीव तोडून किंचाळत होते. "ऐकलंत?"

"झकास!" काका म्हणाले. "अगदी झकास चाललीये."

"अहो काका, झकास काय? बेल्टचा आवाज आहे का हा?"

"हो हो, सगळ्यांना सांग मी विचारलं म्हणून. ठेवतो."

फोन बंद झाला. नवरा दारातून म्हणाला, "काय म्हणाले?"

"झकास म्हणाले."

"मग झालं तर!"

"अरे, काय झालं तर? समोरच्यांनी खिडकी लावून घेतली, आणि ज्या माणसाला फोनवरून चमचा ऐकू आला तो झकास म्हणतोय?" तिचा आवाज बदलला होता. "आणि मुंगीचं काही विचारलंच नाही त्यांनी. असं कधीच झालं नाही."

"म्हातारं माणूस आहे गं. लाइन खराब असेल."

"तू काम कर तुझं. मी जाऊन येते."

"या गाडीने? बेल्ट तुटला तर रस्त्यात उभी राहशील. आधी मेकॅनिककडे तर जा!"

मित्रांनो, ही ती मुलगी, जी टायरला बोटाने दाबून पाहिल्याशिवाय भाजी आणायलाही निघत नसे. तिने मुंगीला सीटवर बांधले आणि चौकात मेकॅनिककडे वळायच्या ऐवजी काकांच्या घराकडे वळली. मी सगळा रस्ता रडत-ओरडत गेले. लोक थांबून बघत होते. बेल्ट तुटणे न तुटणे माझ्या हातात नसते, पण त्या दिवशी हातात असते तर मी दोन्ही हातांनी धरून ठेवला असता.

काकांच्या फाटकाशी माझी चाके पाण्यात उभी राहिली. गच्चीवरची टाकी भरून धो धो वाहत होती. भिंतीवरून, पायऱ्यांवरून, पार रस्त्यापर्यंत पाणी आले होते. खाली पाण्याची मोटर गरगरत होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर पंपकाकांच्या घराची खिडकी उघडी होती. ज्या माणसाने छत्तीस वर्षे पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नाही, त्याला हे ऐकू येत नव्हते!

"काका!" ती माझ्यातून उतरतानाच ओरडली. उत्तर नाही. तिने मोटर बंद केली, मुंगीला कडेवर घेतले आणि दार ढकलून आत पळाली. मला आत जाता येत नाही. मी नुसती फाटकाशी उभी राहून थरथरत होते, कारण इंजिन बंद करायचेही ती विसरली होती.

बऱ्याच वेळाने दोघे बाहेर आले. काका अर्धे झाले होते. अंगावर शाल, दोन्ही कानांत कापूस, गाल तापाने लाल. नऊ दिवसांपासून दोन्ही कान फुटून वाहत होते. चहावर राहिले होते म्हणे. मुलींना कळवले नव्हते, "उगाच घाबरतील," म्हणून.

माझ्याजवळ येताच ते थांबले. त्यांनी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि सवयीने डोळे मिटले.

"बेल्ट सैल झालाय," ते म्हणाले. "मघाशी मी खोटं बोललो, पोरी. फोन हातात थरथरला आणि तुझं नाव दिसलं, पण ऐकू काही आलं नव्हतं."

ती त्यांच्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मग सांगायचं ना!"

"काय सांगणार? ऐकण्यापलीकडे मला येतंय काय? तेही गेलं म्हटल्यावर तू फोन कशाला करशील?"

तिने त्यांना मागे मुंगीशेजारी बसवले, सीटबेल्ट ओढून लावला आणि तो हलवून तीनदा पाहिला. मुंगीने आपले अर्धे चघळलेले बिस्कीट त्यांच्या हातात दिले. काकांनी ते खाल्ले.

दवाखान्यात डॉक्टरबाई तिच्यावरच रागावल्या. "कानातला पू हाडापर्यंत पोहोचलाय. अजून दोन-तीन दिवस गेले असते तर मी काही सांगू शकले नसते. घरात कुणाचं लक्ष नव्हतं का?"

"चुकलं आमचं," ती म्हणाली. आपण त्यांच्या घरातल्या नाही, हे तिने सांगितलेच नाही.

काका अकरा दिवस तिथे होते. उजवा कान बराचसा परत आला. डावा गेला तो गेलाच. मुली आल्या, रडल्या, रागावल्या, आणि दोघींनी तिचा नंबर लिहून घेतला. मेकॅनिकने माझा बेल्ट बदलला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, या बेल्टवर तुम्ही तिथवर गेलात? नशीब थोर!"

मित्रांनो, माझे आता किती दिवस राहिले, सांगता येत नाही. तेल वेळेवर बदला, ब्रेक वेळेवर तपासा, पाणी संपू देऊ नका, हे तर मी सांगणारच. आम्ही यंत्रे तेवढ्यावर बरीच वर्षे काढतो. पण आज माझी विनंती वेगळी आहे.

तुमच्या घरात कुणाकडून तरी आलेली एखादी वस्तू असेलच. सायकल असेल, पाळणा असेल, शिवणयंत्र असेल. देताना कुणीतरी तिच्यावरून एकदा हात फिरवला असेल. ते माणूस आता कसे आहे? फोन करा. "झकास" म्हणाले तर तेवढ्यावर ठेवू नका. जवळ राहत असेल तर आजच, उजेड आहे तोवर, दारापर्यंत जाऊन बघून या.