गरम अंगावर पंखा नको

मी लॅपटॉप बोलतोय. म्हणजे बोलेन, जरा दम धरा. सुरू व्हायला मला हल्ली वेळ लागतो. आधी पंखा घरघरतो, मग पडदा मिचमिचतो, मग आज कुठल्या वर्षात जागं व्हायचं याचा मी विचार करतो. माझ्या आतल्या घड्याळाचा सेल संपल्यापासून मला तारीख लक्षात राहत नाही. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण भिंतीवरचं कॅलेंडरही जुनंच आहे. त्यावरचं देवाचं चित्र छान आहे म्हणून ते काढत नाहीत.

जन्म माझा एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या हातमोज्यातल्या बोटांनी माझ्या पोटाचा शेवटचा स्क्रू आवळला, तेव्हा मला वाटलं, चला, आता हे पोट कुणी उघडायचं नाही. किती भोळा होतो मी.

आधी मनिलाच्या एका ऑफिसात होतो. तिथे इतका गारवा होता की तापणं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. मग तिथे नवे लॅपटॉप आले, मी जुन्या बाजारात गेलो, आणि तिथून रोनालिनच्या कापडी पिशवीत बसून जीपनीने, म्हणजे लांबट जीपच्या बसने, सान पाब्लो गावी आलो. जीपनीत एका बाईंच्या कोंबडीने मला वाटभर चोची मारल्या. मला कुणीतरी हात लावतंय याचाच आनंद होता.

रोनालिन शाळेत शिकवायची. शाळा छोटी होती, ती बंद पडली. घरी तिची लेक पिपाय, वडील ताताय इस्को आणि आई नानाय चारिंग. ताताय जीपन्या दुरुस्त करतो. नानाय चिकट तांदळाचा गोड बिको करून चर्चबाहेर विकते. पिपायचा बाप कुठे आहे, हे या घरात कुणी विचारत नाही.

शाळा बंद झाल्यावर रोनालिनने परदेशी घरकामाला जायचं ठरवलं. एजन्सीवाले बोलावतच होते. तिने जांभळी चाकांची बॅग आणली आणि ती दाराशी येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून पिपाय त्या दाराने जाईना, मागच्या दाराने शाळेत जाऊ लागली. तेवढ्यात रोनालिनला एक जाहिरात दिसली. घरी बसून जपानी मुलांना इंग्रजी शिकवायचं. शनिवारी सकाळी चाचणी, फोन चालणार नाही, लॅपटॉपच हवा. पास झाली तर बॅग भरायची नाही.

आणि मी गुरुवारी मेलो.

माझा दोष होता, पण सगळा नव्हे. मी तापायचो, तापलो की बंद पडायचो. रोनालिन टेबलपंखा माझ्याकडे वळवायची. ती उठली की नानाय तो भिंतीकडे वळवायची.

"गरम अंगावर वारा घालतात का? पास्मा होईल त्याला."

पास्मा म्हणजे तापलेल्या अंगाला एकदम गार लागलं की हात थरथरतात, शिरा वर येतात. इस्त्री केल्यावर नानाय रात्रभर हात धूत नाही. त्या गुरुवारी तर तिने मायेने माझ्यावर टॉवेल पांघरला. इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं. त्या प्रेमात माझा जीव गेला.

"ताताय, बघता का जरा?" रोनालिन म्हणाली. तिचा आवाज बरा नव्हता.

"बघतो की. इंजिनच आहे ना? लहान आहे इतकंच."

त्याने मला उताणं केलं आणि स्क्रू काढून आइस्क्रीमच्या डब्यात टाकले. आमच्या घरी आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसतं. एकात सुके मासे, एकात सुया-दोरे, एकात बिको. डबे सगळे सारखे, झाकणंही सारखी. हे ध्यानात ठेवा.

झाकण निघालं आणि मुंग्यांची रांग बाहेर पडली. पिपाय माझ्यावर गोड बिस्किटं खाते, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"चारिंग, इकडे ये. याच्या पोटात अख्खं गाव राहतंय."

"मग त्यांना आधी जेवू दे, नंतर हाकल," नानाय स्वयंपाकघरातून म्हणाली.

ताताय जुन्या टूथब्रशने मला घासू लागला. जाळीतून धुळीचा असा गोळा निघाला की पिपायने त्याचं बारसं केलं आणि ती त्याला खिशात घालू बघत होती. मला इतक्या गुदगुल्या झाल्या, पण हसणार कशाने? रोनालिन फोनवर दुरुस्तीचा व्हिडिओ बघून सांगत होती. मेमरीची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे, पुन्हा बसवायची. घरात खोडरबर एकच होतं, पिपायचं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. तेव्हापासून माझ्या आठवणींना स्ट्रॉबेरीचा वास येतो.

मग ताताय जीपनीच्या ग्रीसचा डबा घेऊन आला, आणि मला सगळे देव आठवले.

"ताताय, ग्रीस नाही. त्याचं वेगळं, उष्णता ओढून घेणारं मलम मिळतं."

"याच ग्रीसवर माझी जीपनी डोंगर चढते."

"याला डोंगर चढायचा नाहीये. याला फक्त शनिवारपर्यंत जगायचंय."

तो गावात जाऊन मलम घेऊन आला. शुक्रवारी दुपारी मी डोळे उघडले. पडद्याची बिजागरी मात्र या झटापटीत मोडली होती. पिपाय माझ्याभोवती नाचली. आता झाकण लावायचं म्हणून तातायने डबा उघडला, तर आत बिको.

"चारिंग, स्क्रूंचा डबा कुठाय?"

नानायने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "बेबांगला बिको पाठवला मी सकाळी."

शेजारची आलिंग बेबांग, म्हणजे बेबांगमावशी. तिने तो डबा न उघडताच आपल्या नणंदेला पाठवला होता. नणंदेने कुणाला दिला ते तिला आठवेना. पिपाय गल्लीभर पळाली, ताताय तिच्यामागे पळाला, आणि दोघं केळी, भोपळा अन् एक मांजराचं पिल्लू घेऊन परत आली. रिकाम्या हाताने कुणी त्यांना पाठवलंच नाही. डबा मात्र मिळाला नाही.

शनिवार उजाडला. मी उघड्या पोटाचा. टेबलावर ठेवावं तर आतडी टेकतात. ताताय घरभर बघत फिरला आणि दाराशी थांबला. त्याने जांभळी बॅग उचलली, उलटी केली, चाकं वर, मूठ खाली. चाकं फिरू नयेत म्हणून तार गुंडाळली आणि माझे चारही कोपरे चारही चाकांवर टेकवले. मी असा काही मापात बसलो की जणू ती बॅग माझ्याचसाठी शिवली होती. रोनालिनने बॅगेकडे एकदा पाहिलं आणि ती माझ्यासमोर बसली.

पडदा उभा राहीना, म्हणून ताताय मागे उकिडवा बसून तो दोन्ही हातांनी धरून राहिला. चाचणी सुरू झाली. पलीकडे एक जपानी बाई लहान मुलगा झाल्याचं सोंग करून बसली होती. रोनालिन छान शिकवत होती. आणि मी तापू लागलो. खरं सांगतो, मी खूप आवरलं. पंखा भिंतीकडे तोंड करून भिंतीला वारा घालत होता. रोनालिनला हलता येत नव्हतं. तिने फक्त डोळे वर करून आईकडे पाहिलं.

नानायने माझ्या कुशीला हात लावला. चटका बसला तिला. "माफ कर रे बाळा," ती पुटपुटली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पंखा माझ्याकडे वळवून मोठा केला.

काय वारा होता तो. उघड्या पोटात शिरला, हाडाहाडातून फिरला. मनिलाच्या ऑफिसात बसल्यासारखं वाटलं मला.

इतक्यात शेजारचा झुंजीचा कोंबडा आरवला. बाई दचकली, तिने विचारलं, हे काय? रोनालिन घाबरली नाही. तिने कोंबडा शिकवायला घेतला. जपानी कोंबडा कोकेकोक्को करतो म्हणे. तुमचा काय करतो, बाईने विचारलं. सगळे कोंबड्याची वाट बघू लागले. कोंबडा बसला गप्प.

मग माझ्या पाठीमागून, जीपनीच्या धुराने खरवडलेल्या गळ्यातून आवाज आला, "तिक्तिलाओक."

पडदा गदगदा हलला. बाई सोंग विसरून इतकी हसली की तिचा चष्मा खाली आला. दुपारी निरोप आला, सोमवारपासून शिकवा.

रोनालिनने एजन्सीला फोन केला. "मी येत नाही," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून जमिनीवर बसली. पिपाय तिच्या मांडीत शिरली आणि बराच वेळ निघालीच नाही. तातायचे हात पडदा धरून धरून थरथरत होते.

"बघ, झाला ना पास्मा? पंखा माझ्या हातून लावून घेतलात," म्हणत नानायने त्याच्या हातांना कोमट खोबरेल चोळलं. उरलेलं माझ्या झाकणाला चोळलं. मी आजही चमकतो.

डबा मंगळवारी आला, वर कुणाचं तरी कस्टर्ड, खाली माझे स्क्रू. तातायने झाकण लावलं, बिजागरी जोडली. एक स्क्रू उरलाच. तो कुठला होता ते मलाही माहीत नाही, विचारू नका.

आता माझं पोट बंद आहे, टेबलही मोकळं आहे. तरी मी अजून त्या उलट्या बॅगेवरच उभा असतो. ताताय ती सरळ करायला गेला होता, तर पिपाय आडवी आली. हल्ली ती पुढच्या दाराने शाळेत जाते.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. मी बंद पडलो तर खुशाल उघडा, घासा, स्ट्रॉबेरीने पुसा. बॅग तेवढी सरळ करू नका.