बदकाचं चौथं अक्षर

"बाई, तुमचं बदक चार अक्षरांचं कसं झालं?" शिकवणारी मुलगी खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

बाईंनी चष्मा वर सरकवून पडद्याकडे पाहिलं. दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये बदक असं टाइप करायचं आणि त्याची लांबी यंत्राला विचारायची, एवढंच काम होतं. बाकीच्या तिघांची बदकं मुकाट तीन अक्षरांत बसली होती. औषध-भांडारातला कारकून म्हणाला, बाईंच्या बदकाला शेपूट फुटलंय. सगळे हसले, बाईही थोड्या हसल्या आणि त्यांनी सगळं पुसून पुन्हा टाइप केलं. पुन्हा चार.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर ती काय मोठी गोष्ट! पण या होत्या नोंदणी खिडकीतल्या बिनचूकबाई. हे नाव त्यांना रुग्णालयाने दिलं होतं आणि त्यांनीही ते दागिन्यासारखं मिरवलं होतं, खोटं कशाला बोला. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाचं नाव चुकलं, वय चुकलं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव पडलं, असं एकदाही झालं नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि साहेबांनी मानपत्राचा मजकूर आत्ताच तयार करून ठेवला होता. त्यात बिनचूक हा शब्द तीनदा आला होता. बाईंनी तो कागद साहेबांच्या माघारी दोनदा वाचून घेतला होता.

"सावकाश करा परत, मी बघते," मुलगी म्हणाली. ही मुलगी रुग्णालयात नवी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीची. आठवड्यातून तीन दुपारी येऊन चार कारकुनांना पायथन या संगणकभाषेचे पहिले धडे द्यायची, म्हणजे नावांच्या याद्या त्यांच्या त्यांना तपासता याव्यात. वय असेल तेवीस-चोवीस, पण डोकं बर्फाचं. शून्यापासून का मोजायचं, एकपासून मोजलं तर कुणाचं काय जातं, असं भांडारवाल्याने दहा वेळा विचारलं तरी दहा वेळा सांगायची.

या वेळी ती पडद्याकडे बघतच नव्हती, बाईंच्या बोटांकडे बघत होती. ब, द, क. क पडला न पडला तोच उजवा अंगठा खाली आला, स्पेसच्या लांब पट्टीवर टेकला आणि वर गेला. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

"हा बघा चौथा. तुमचा अंगठा."

मग तिने चौघांनाही समजावलं. स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांमधला मजकूर, ही मण्यांची माळ समजा. अक्षर हा एक मणी, तशी मोकळी जागा हाही एक मणी. आपल्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही म्हणून यंत्र ती सोडून देत नाही. खात्रीसाठी तिने सगळ्यांना शेवटचं अक्षर मागायला लावलं. तिघांच्या पडद्यावर क आला. बाईंच्या पडद्यावर दोन अवतरणचिन्हं उमटली आणि मध्ये काहीच नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी टायपिंगच्या क्लासात मास्तर हातात लाकडी रूळ घेऊन फिरायचे. शब्द संपला की अंगठा, शब्द संपला की अंगठा. मान खाली गेली की रूळ टेबलावर आपटायचा, कारण बोटांकडे बघून टाइप करणं म्हणजे मास्तरांच्या लेखी लाज. बाई क्लासात पहिल्या आल्या त्या या अंगठ्याच्या जोरावर. कागदावर त्याने कुणाचं काय बिघडणार? कोरं ते कोरंच. पुढे टाइपरायटर जाऊन संगणक आले, अंगठा मात्र जुन्या वळणाचाच राहिला.

बाईंच्या मनात हे सगळं येऊन गेलं आणि त्यांना एकदम खिडकीतला खण आठवला.

गोष्ट अशी होती. तीन महिन्यांपूर्वी नवी यंत्रणा सुरू झाली आणि तेव्हापासून जुन्या रुग्णांच्या नोंदी सापडेनाशा झाल्या. जुन्या यंत्रणेत नावाची पहिली चार अक्षरं टाकली की सगळी रांग समोर यायची. नवी जास्त शहाणी. पूर्ण नाव तंतोतंत जुळलं तरच ती फाइलचा क्रमांक देणार, नाहीतर 'नोंद सापडत नाही' म्हणून मोकळी. आणि क्रमांक नसेल तर मागच्या खोलीतल्या हजारो फाइलींत कुणी हात घालायचा? कंपनी म्हणायची, यंत्रणेत दोष नाही, नोंदी तपासा. साहेब म्हणायचे, नोंदी बिनचूकबाईंनी केल्यात, त्या काय तपासायच्या? दोघांच्या मध्ये ही मुलगी सापडली होती. ती आली की साहेब तिला फैलावर घ्यायचे आणि ती मान खाली घालून ऐकायची.

खिडकीत आलेल्या माणसाला बाई म्हणायच्या, चिठ्ठीवर नाव आणि फोन लिहून ठेवा, सापडलं तर कळवते. चिठ्ठी खणात जायची आणि तिथेच राहायची.

त्या खणात एका सुताराच्या तीन चिठ्ठ्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि इथेच शस्त्रक्रिया होऊन आत धातूची पट्टी बसवली होती. आता ती पट्टी सैल होऊन सलत होती. दुसऱ्या रुग्णालयातले सर्जन ती काढायला तयार होते, पण कुठल्या बनावटीची पट्टी, कुठल्या मापाचे स्क्रू, ते जुन्या कागदावर बघितल्याशिवाय हात लावणार नव्हते. सुताराला ते लगेच पटलं होतं. स्क्रू कुठला ते कळल्याशिवाय पेचकस कुठला लावायचा, असं तो बाईंनाच समजावून सांगत होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाईंचं डोकं आधीच तापलेलं होतं. त्या त्याला म्हणाल्या होत्या, "शस्त्रक्रिया नक्की इथेच झाली ना? घरी नीट विचारून या." त्याने चिठ्ठी लिहिली आणि तो गेला. त्याला महिना होत आला होता.

धडा संपल्यावर बाकीचे उठले, बाई उठल्या नाहीत. त्यांनी मुलीला थांबवून विचारलं, आपली जुनी यादी अशी मोजता येईल का. मुलीने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली. तिला समजायचं ते समजलं होतं.

दोन्ही टोकांची मोकळी जागा काढायला स्ट्रिप नावाची आज्ञा असते. बाईंनी ती आधी बदकावर वापरून पाहिली आणि परत लांबी विचारली. चारच. आता काय चुकलं, म्हणून त्या कळवळल्या. मुलगी म्हणाली, काही चुकलं नाही, जुनी माळ कधी बदलतच नाही. तिच्यावरून नवीन तयार होते, ती कुठेतरी ठेवावी लागते. तुम्ही नवीन केली आणि ठेवलीच नाही. बाईंनी ती वेगळ्या नावाखाली ठेवली. मग बदक तीन अक्षरांचं झालं.

मग दोघींनी मिळून पाच ओळी लिहिल्या. संगणकावरची अकरा वर्षांची यादी घ्यायची, प्रत्येक नावाची लांबी मोजायची, टोकं साफ करून पुन्हा मोजायची आणि फरक पडला की मोजणीत एक वाढवायचा. एकूण नावं निघाली एकतीस हजार दोनशे सहा. त्यांतली शेवटी मोकळी जागा असलेली नावंही एकतीस हजार दोनशे सहा.

अंगठा एकदासुद्धा चुकला नव्हता.

मग मुलगीच हळू आवाजात म्हणाली, की हे दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतील. नव्या यंत्रणेत नाव भरताना टोकं आपोआप साफ होतात, फक्त ही जुनी तशीच उचलून आणली गेली. अहवालात ती 'यंत्रणेतील दोष दूर केला' असं लिहील. तसंही सगळे तेच म्हणतायत, तिला आणखी चार बोलणी बसतील, एवढंच. बाईंना त्या पोरीची माया आणि स्वतःचा राग एकाच वेळी आला. उद्या बघू, एवढं म्हणून त्या घरी गेल्या.

घरी यजमान गळका नळ दुरुस्त करत बसले होते. जन्मभर पंप खोलण्यात गेल्यामुळे घरातला नळ गळला की त्यांना बरंच वाटायचं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "अगं, चार महिने राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीत माझाच अंगठा आहे ना," बाई म्हणाल्या.

यजमान पाना घेऊन परत नळाकडे वळले. बायको अशा आवाजात बोलली की वाद घालायचा नसतो, हे चौतीस वर्षांच्या संसारात ते शिकले होते.

सकाळी मुलगी मुद्दाम आली, तिने पाच ओळींच्या सहा केल्या आणि यादी साफ केली. बाई कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. दोष यंत्रणेचा नाही, नोंदींचा आहे, आणि नोंदी माझ्या आहेत, असं त्यावर लिहून खाली सही केली होती. साहेबांनी तो वाचला, पालथा घातला, परत वाचला. कशाला ओढवून घेता, म्हणाले. काम झालं ना, मग विषय संपला. बाई म्हणाल्या, कंपनीला तक्रार गेलीय, त्या पोरीचं नाव घालून, ती मागे घ्यायला हवी. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले आणि शेवटी त्यांनी तक्रार मागे घेतल्याच्या पत्रावर सही केली. मानपत्राचं कुणीच काही काढलं नाही.

मग बाईंनी खण उपसला. त्रेसष्ट चिठ्ठ्या निघाल्या. एकेक फाइल काढायची, फोन करायचा आणि आडपडदा न ठेवता सांगायचं, चूक माझी होती. कुणी आनंदले, कुणी चिडले, ते चिडणं बाईंनी ऐकून घेतलं. एका बाईने सगळं शांतपणे ऐकलं, 'आता गरज राहिली नाही' म्हणाली आणि फोन ठेवला. ती चिठ्ठी बाईंना फाडवेना. त्यांनी ती पर्समध्ये ठेवली.

सुतार तासाभरात आला. त्याच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा तसाच होता. फाइल उघडून त्याने पट्टीच्या मापावर बोट ठेवलं, स्क्रूंच्या ओळीवर ठेवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही शोधलंत म्हणून सापडलं, बाई. उपकार झाले."

इथे नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण बाई म्हणाल्या, "शोधलं नाही हो मी. हरवलं होतं तेच माझ्यामुळे." आणि त्यांनी त्याला अंगठ्याचं सगळं सांगितलं.

सुताराने फाइल मिटली. तो चिडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तुम्ही म्हणालात ना, घरी नीट विचारा," तो म्हणाला. "मी विचारलं. ती म्हणाली इथेच. मी म्हटलं, तुला आठवत नाही. महिनाभर हेच चाललंय आमचं. आता तीच म्हणायला लागलीय, माझं डोकं चालेनासं झालंय." त्याने खिशातून फोन काढला. "तिला तुम्ही सांगाल का? माझं ऐकून तिला खरं वाटणार नाही."

बाईंनी फोन घेतला. रुग्णालयातून बोलतेय म्हणाल्या, कागद सापडलेत, चूक इथली होती, माझी. "तुमचं बरोबर होतं. तुम्हाला नीट आठवत होतं."



"मी म्हणत होते यांना," बायको म्हणाली. "मला स्ट्रेचरवरून आणलं, तर खिडकीत एक बाई होत्या. माझं नाव विचारलं आणि माझ्याकडे बघत बघत लिहून घेतलं, हाताकडे एकदासुद्धा बघितलं नाही. मी एवढी कळवळत होते तरी मनात आलं, काय हात आहे. तुम्हीच का त्या?"

"हो," बाई म्हणाल्या. "मीच."

सुतार फाइल छातीशी धरून गेला. खिडकीपुढे रांग होती. पुढच्या माणसाने रुग्णाचं नाव सांगितलं. बाईंनी कीबोर्ड जवळ ओढला, उजवा अंगठा आत दुमडला, चष्मा खाली घेतला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत एकेक अक्षर टाइप करायला लागल्या. वेळ लागत होता. रांगेत कुणीतरी म्हणालं, नवीन दिसतायत.