शाळेतली डावी मुलं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या रांगेतले बाप खुर्च्यांवर चढून मोबाइल उंच धरत होते. मंचावर दुसरीची मुलं निळ्या ब्लेझरमध्ये ताठ बसली होती. स्वतःला आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या त्या शाळेचा हा 'खुला वर्ग', नव्या प्रवेशांच्या आधी भरणारा. माइक अर्थातच संचालकांच्या हातात. 'व्हिजन' हा शब्द आल्याखेरीज त्यांचं वाक्य पुरं होत नसे, म्हणून पालक त्यांना व्हिजनसाहेबच म्हणत.

"इतर शाळांत मुलं प्रश्नांना घाबरतात," ते म्हणाले. "आमच्या व्हिजनमध्ये प्रश्न मुलांना घाबरतात. विचारा, काय हवं ते विचारा."

एका आजोबांनी विचारलं, पाण्याची वाफ कशी होते. मंचावरचे सगळे हात झरकन वर. वर्गबाईंनी एका मुलीकडे बोट केलं आणि खणखणीत उत्तर आलं. कुणी बेरीज घातली, कुणी स्पेलिंग विचारलं. दर वेळी सगळे हात वर, दर वेळी वेगळं मूल, आणि उत्तर अचूक.

"एकही मूल मागे नाही," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. टाळ्यांनी छत दणाणलं. दोन-तीन आयांनी तर डोळे पुसले.

दुसऱ्या रांगेत ताई बसल्या होत्या. डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासणं हा त्यांचा पेशा. वसाहतीतल्या लोकांनी त्यांनाच पुढे केलं होतं. "तुम्ही भेसळ पकडणाऱ्या. शाळेत शिकवतात कसं, तेवढं बघून सांगा." ताईंनी ग्रंथालय पाहिलं, प्रयोगशाळा पाहिली, स्वतः उठून एक तिरका प्रश्नही विचारला. उत्तर बरोबर आलं. बाहेर पडताना त्यांनी निकाल दिला, "डोळे झाकून घाला."

वसाहतीतल्या बऱ्याच घरांनी घातलं. ताईंची मुलगी चिमी तिथे जाऊ लागली. त्यांचा धाकटा भाऊ वायरमन. त्याची मुलगी जवळच्या साध्या शाळेत मजेत होती, तरी त्यानंही तिला तिथून काढलं. ताई म्हणते म्हणजे झालं, एवढाच त्याचा हिशोब.

या शाळेत घरचा अभ्यास नव्हता. पुस्तकंही शाळेतच ठेवायची. "आमची मुलं ओझी वाहत नाहीत," असं साहेब म्हणत. दिवसभर काचेच्या नळ्यांशी झटून घरी येणाऱ्या ताईंना ते सोयीचंच होतं. चिमीला काय येतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एका दुपारी गॅलरीत चिमी आणि तिची मामेबहीण शाळा-शाळा खेळत होत्या. चिमी बाई झाली होती. ताई आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"तीन आणि चार किती?" चिमीनं विचारलं. समोर भाची आणि चार बाहुल्या. भाचीनं हात वर केला. चिमीनं तिच्याकडे ढुंकून न बघता बाहुलीला उत्तर विचारलं.

"अगं, तिचा हात वर आहे ना?" ताई म्हणाल्या.

"ती डावी आहे, आई."

"डावी कुठली? उजव्या हातानं तर लिहिते."

"तसं नाही गं. येत असेल तर उजवा हात वर करायचा, येत नसेल तर डावा. बाई उजव्यालाच विचारतात. घरी नाही सांगायचं, आमचं सिक्रेट आहे."

ताईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "आणि तू कोण?"

"मीपण डावी. आम्ही दोघी नेहमी डाव्या." चिमी खुशीत सांगत होती. "डाव्यांना वर्गात कुणी काही विचारत नाही. आम्ही नुसता हात वर करतो."

ताईंनी घरातलं गोष्टीचं पुस्तक तिच्यापुढे धरलं. चिमी पहिल्या ओळीतच अडली. भाची पुस्तकाकडे न बघता दाराकडे बघत राहिली.

डेअरीत विक्रेत्यानं भरून आणलेली बाटली त्या हातात घेत नसत. कॅन ढवळून, स्वतः बुडवून नमुना काढत. आणि शाळेत समोरच्यानं निवडून दिलेलं उत्तर त्यांनी मुकाट्यानं घेतलं होतं, वर त्यावर आपल्या नावाचा शिक्का मारला होता.

नवरा म्हणाला, "गुपचूप दाखला काढू. बोभाटा कशाला?"

क्षणभर ताईंना ते पटलंही. मग त्या उठल्या आणि भावाकडे गेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. भांडला नाही.

"पोरगी दोनदा म्हणाली होती, मला जुन्या शाळेत जायचंय," तो म्हणाला. "मी म्हटलं, आत्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं."



पुढच्या खुल्या वर्गाला सभागृह तसंच भरलं होतं. या खेपेला मंचावर चिमी आणि भाचीही होत्या. व्हिजनसाहेबांनी प्रश्न मुलांना घाबरतात हे नेहमीचं वाक्य टाकलं आणि म्हणाले, "विचारा," तशा ताई उभ्या राहिल्या.

"प्रश्न सोपा आहे. टोपलीत बारा फुलं होती, पाच काढली. किती उरली? अट एकच, मुलांनी सगळ्यांनी उजवाच हात वर करायचा."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. हळूहळू उजवे हात वर आले, सगळेच. बाईंचं बोट पुढे आलं आणि हवेतच घुटमळलं. या टोकाकडून त्या टोकाकडे फिरलं. शेवटी चष्मेवाल्या एका मुलावर थांबलं.

तो मुलगा अदबीनं उभा राहिला. "बाई, मी डावा आहे ना. आज सगळ्यांना उजवा सांगितला म्हणून केला."

साहेब हसत म्हणाले, "एवढी गर्दी बघून मुलं जरा घाबरली आहेत."

"मघाशी तर प्रश्न घाबरत होते," मागून एक आजोबा म्हणाले.

ताईंनी हातांचा नियम सगळ्यांना समजावून सांगितला. साहेबांनी माइक बंद करवला, पण ताईंचा आवाज पोचत होता. बाई खाली मान घालून उभ्या होत्या. ताईंना मंचावरच्या चिमीकडे बघवत नव्हतं, म्हणून त्या पालकांकडे बघून बोलल्या.

"यात मुलांचा काही दोष नाही. माझा आहे. तुमच्यातले कितीतरी जण माझ्या शब्दावर इथे आलात. मी तपासलंच नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. दाखवणारा ठरवतो तेच आपल्याला दिसतं. म्हणून इतकं छान काही दिसलं, की टाळ्या वाजवायच्या आधी एखादी अट आपल्या मनाची घालून बघा. खरं असेल ते अट घातली तरी टिकेल."

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं नजर वळवली नाही.

"आणि शाळा कशी आहे, हे ज्याला उत्तर येतं त्याच्याकडे बघून कळत नाही. ज्याला येत नाही, त्याचं तिथे काय होतं ते विचारा. माझी मुलगी रोज वर्गात हात वर करून बसत होती, आणि मला ते विचारायचं सुचलं नाही."