हयात सरांची शोकसभा

विद्यापीठात त्यांना सगळे माफीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की माफीबाई. यंत्राने चूक केली तर त्याने माफी मागावी का, आणि मागितलीच तर माणसाने ती ग्राह्य धरावी का, या एकाच प्रश्नावर बाईंनी आपली उमेदीची वर्षं घातली होती. पीएचडी त्यावर, दोन जाडजूड पुस्तकं त्यावर, परिषदांमधली भाषणंही त्यावरच. सुरुवातीला लोक हसायचे. "यंत्राला कसली आलीय नीती? उद्या कपाटाला संस्कार लावशील," असं खुद्द त्यांच्या मार्गदर्शक सरांनीच पहिल्या भेटीत सुनावलं होतं. सर तर्कशास्त्राचे. जीभ मिरचीसारखी. पण सुनावून झाल्यावर त्यांनी बाईंना शिष्या म्हणून घेतलं आणि पाच वर्षं त्यांच्या प्रबंधाचं पान न् पान लाल पेन्सिलीने सोलून काढलं.

पुढे यंत्रं बोलायला लागली, चुकायला लागली, चुकल्यावर गोड आवाजात 'क्षमस्व' म्हणायला लागली, आणि बाईंचे दिवस पालटले. जिन्याखालच्या खोलीतून त्या दुसऱ्या मजल्यावर आल्या. एका कंपनीने तर बोलावून विचारलं की यंत्राने किती वेळा सॉरी म्हटलं की गिऱ्हाईक थंड होतं, तेवढा आकडा द्या. बाईंनी आकडा न देता दीड तास व्याख्यान दिलं. त्या कंपनीचं पुन्हा बोलावणं आलं नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. खरी माफी मागताना माणसाच्या घशात काहीतरी अडकतं. यंत्राला घसाच नाही. म्हणून यंत्राची माफी ही माफीच नव्हे. त्याच्यामागे उभ्या असलेल्या कुणातरी माणसाने पुढे यावं आणि आपला घसा वापरावा.

घरचा मामला वेगळा होता. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून "दुखलं का? सॉरी हं" म्हणायची त्याला एवढी सवय की खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीला सॉरी म्हणायचा. बाई मात्र कुणाला सॉरी म्हणाल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. फार तर "तुला वाईट वाटलं असेल तर बघ बाबा" इथपर्यंत त्यांची गाडी यायची, आणि तिथेच बंद पडायची.

अशातच एका सोमवारी, दोन तासांमधल्या सुट्टीत, बाईंच्या फोनवर विद्यापीठाचा निरोप आला. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपले आदरणीय निवृत्त प्राध्यापक...' आणि पुढे सरांचं नाव.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. डोळे भरून आले. चहाचा कप तसाच निवत राहिला. त्यांना सरांची लाल पेन्सिल आठवली, सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, प्रबंधाच्या दिवसांत करून घातलेली जेवणं आठवली, आणि आपण गेल्या वर्षभरात त्या घराकडे फिरकलोही नाही हेही आठवलं. तेवढ्यात विद्यापीठातल्या आजी-माजी मंडळींच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा पाऊस सुरू झाला. ज्यांना सरांनी नापास केलं होतं तेही हुंदके देत होते. सरांची सगळ्यात लाडकी शिष्या गप्प कशी, असं कुणीतरी विचारलंसुद्धा. तासाची घंटा व्हायला आली होती. काय लिहावं सुचेना. शेवटी बाईंनी फोनमधल्या यंत्राला सांगितलं, 'गुरूंच्या निधनावर चार ओळी दे, हृदयस्पर्शी,' आणि आलेल्या ओळी डोळे पुसत पुढे ढकलून दिल्या.

तास संपवून त्या बाहेर आल्या तर फोन वाजत होता. सरांच्या घरचा नंबर. काकू असणार. बाईंनी फोन कानाला लावला. "काकू..."

"काकू बाजारात गेलीय," पलीकडून आवाज आला. "मी बोलतोय."

बाईंनी एवढ्या जोरात किंकाळी फोडली की शेजारच्या वर्गातली मुलं बाहेर आली.

"ओरडू नकोस," सर म्हणाले. "मी सकाळपासून पाच जणांना फोन केले. सगळे ओरडले. एकजण तर ठेवूनच पळाला."

झालं होतं ते असं. निवृत्तांची यादी साफ करायचं काम विद्यापीठाने एका नव्या यंत्रणेला दिलं होतं. तिने सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं, 'आपण हयात आहात का?' सरांना प्रश्न उद्धट वाटला. त्यांनी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. सर हट्टाला पेटले. शेवटी यंत्रणेने आपल्या बुद्धीने ठरवलं की उत्तर नाही त्याअर्थी माणूस नाही, आणि रीतीप्रमाणे शोकसंदेश धाडून मोकळी झाली. शोकसभेसाठी शनिवारचं सभागृहही राखून ठेवलं.

"पहिल्या वर्षाच्या पोरानं असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं," सर फोनवर म्हणाले. "आता मला माफी हवीय. आणि यंत्राची चालणार नाही. का चालणार नाही ते तूच लिहून ठेवलंयस."

दुसऱ्या दिवशी कुलगुरूंच्या खोलीत बैठक बसली. लांब टेबल, बिस्किटांची बशी, आणि बशीकडे बघत बसलेली मंडळी. कुलगुरू म्हणाले, "चूक यंत्रणेची आहे." संगणक विभागाचे प्रमुख म्हणाले, "यंत्रणा बरोबर चालली. तिला जसं सांगितलं तसं तिने केलं." कुलसचिव म्हणाले, "आम्ही यादी साफ करा म्हटलं होतं. माणसं साफ करा असं नव्हतं म्हटलं." प्रत्येक जण खापर उचलून पुढच्याच्या हातात देत होता, आणि खापर काही फुटत नव्हतं.

"यंत्रणेनेच एक माफीपत्र तयार ठेवलंय," संगणकवाले म्हणाले. "फार सुंदर उतरलंय. पाठवू का?"

इथे बाई उसळल्या. ज्या क्षणासाठी माणूस आयुष्यभर शिकतो तो क्षण समोर चालून आला होता. यंत्राची माफी पोकळ कशी, जबाबदारी वाटली गेली की ती कुणाचीच कशी राहत नाही, आणि म्हणून एका जिवंत माणसाने सरांच्या दारात जाऊन उभं राहिलं पाहिजे, हे त्यांनी इतक्या तळमळीने सांगितलं की कुलसचिवांनी चष्मा काढून पुसला.

"अगदी पटलं," कुलगुरू म्हणाले. "माणसानेच जायला हवं."

मग सगळ्यांचे चेहरे हळूहळू बाईंकडे वळले.

"मी?" बाई म्हणाल्या. "माझा काय संबंध?"

"या विषयातल्या तज्ज्ञ तुम्हीच आहात, मॅडम," कुलगुरूंनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

घरी आल्यावर बाईंनी सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सोपं आहे. दार उघडलं की सॉरी म्हणून टाक. मी रोज म्हणतो."

"तुझं सॉरी ते सॉरी नव्हे, तो उद्गार आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या दुसऱ्या पुस्तकात त्यावर प्रकरण आहे."

"सॉरी," नवरा म्हणाला.

संध्याकाळी बाई सरांच्या दारात उभ्या राहिल्या. काकूंनी दार उघडलं. मागे व्हरांड्यात फुलांचे गुच्छ रांगेने ठेवलेले. "ये बाई," काकू म्हणाल्या. "घरात पाय ठेवायला जागा नाही. एवढी फुलं लग्नातसुद्धा आली नव्हती. आणि हे बघ तुझे सर, मेल्यापासून जेवायला उठायचं नाव नाही."

सर टेबलाशी बसले होते. शेजारच्या दुकानातून त्यांनी सगळ्या श्रद्धांजल्या कागदावर छापून आणल्या होत्या आणि लाल पेन्सिलीने त्या तपासत होते.

"बस," ते म्हणाले. "हा बघ, म्हणतो 'सरांनी मला घडवलं.' त्याला मी दोनदा नापास केलंय, मग घडवलं कधी? पण आतून लिहिलंय, म्हणून पास. ही म्हणते सर कडक होते, भीती वाटायची, आता भीती वाटायला कुणी उरलं नाही. छान आहे. हिला पहिला वर्ग."

बाईंनी घसा खाकरला. "सर, विद्यापीठाच्या वतीने, घडल्या प्रकाराबद्दल, आपल्याला जो काही मनस्ताप झाला असेल..."

"'असेल' काढ."

"झाला, त्याबद्दल विद्यापीठ..."

"विद्यापीठाला घसा आहे का?"

सरांनी गठ्ठ्यातून दोन कागद काढून त्यांच्यापुढे शेजारीशेजारी ठेवले. "आता हे वाच. एक वनस्पतिशास्त्राच्या प्रमुखाने लिहिलंय. त्या माणसाशी मी जन्मात दोनदा बोललोय, दोन्ही वेळा मोटार कुठे लावायची त्यावरून."

बाईंनी वाचलं. 'ज्ञानाचा अथांग सागर आज शांत झाला. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून न येणारी आहे.' मग दुसरा कागद वाचला. तोच सागर, तीच पोकळी, स्वल्पविरामही त्याच जागी. खाली बाईंचं नाव.

बाईंचे कान तापले. दुसऱ्यांना ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या आपण, स्वतः कोरड्या ठणठणीत निघालो. तरी विद्येची सवय सुटेना. "सर, त्या वेळी मला धक्का बसला होता. तासाची वेळ झाली होती. आणि तसं बघितलं तर भावना माझीच होती, यंत्राने फक्त शब्द..."

"ही सबब तुझ्या प्रबंधात कितव्या प्रकरणात आहे?"

"तिसऱ्या," बाई पुटपुटल्या.

"तिथे तू तिला काय म्हटलंयस?"

"पळवाट."

काकू चहा घेऊन आल्या आणि कप ठेवत म्हणाल्या, "अगं, त्यांना सागराचं वाईट नाही वाटलं. सोमवारी सकाळी तुझं नाव दिसलं तेव्हा पोराच्या उत्साहाने चष्मा शोधायला धावले. म्हणाले, थांब, हिचं नीट बसून वाचतो. आणि वाचून झाल्यावर मग पेन्सिल घेऊन बसले."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फोन तरी करायचास. मी मेलो होतो, काकू नव्हती मेली. तू विचारलंसुद्धा नाहीस. यंत्राने सांगितलं आणि तू ऐकलंस. तू!"

बाईंनी कप उचलला, परत ठेवला. बोलायला तोंड उघडलं तर आवाजच येईना. पुन्हा प्रयत्न केला. "चुकलं माझं, सर," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. कुठलंही 'असेल' नव्हतं, 'परंतु' नव्हतं, तळटीप तर नव्हतीच.

सरांनी काही वेळ त्यांना रडू दिलं. मग कागदावरच्या सागरावर आडवी रेघ मारली. "पुन्हा लिहून दे," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत. शोकसभेत वाचायची आहे."

"शोकसभा? ती रद्द होणार, सर!"

"का म्हणून? सभागृह राखलंय, माणसं गावोगावहून निघालीत. मी अध्यक्षस्थान स्वीकारलंय."

कुलगुरूंनी हे टाळायचा जिवापाड प्रयत्न केला, पण सभागृह शनिवारी काठोकाठ भरलं. मेलेला माणूस भाषण करतो म्हटल्यावर कोण घरी बसेल? सर नवा कोट घालून मधल्या खुर्चीत बसले. वनस्पतिशास्त्रवाल्यांना आधी बोलवलं गेलं. त्यांनी सागराचं नाव काढताच मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि ते दोन वाक्यांत आटोपून खाली बसले. मग बाई उठल्या. त्यांनी लिहून आणलेलं वाचलं: एका दुपारी सरांनी त्यांचं अख्खं प्रकरण खोडलं होतं आणि मग बस चुकली म्हणून पावसात स्टॉपपर्यंत छत्री धरून सोडायला आले होते, आणि वाटभर तेच प्रकरण कसं वाईट आहे ते सांगत होते. लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी रुमालाने नाक पुसलं आणि बाहेर धूळ फार आहे असं शेजारी बसलेल्या कुलगुरूंना सांगितलं.

अध्यक्षीय भाषण सर्वात छोटं झालं. "माझ्याविषयी इतकं चांगलं बोलायला मला मरावं लागलं, याचं दुःख आहे," सर म्हणाले. "आता कुलगुरूंना काही म्हणायचं असेल." आणि त्यांनी माईक कुलगुरूंच्या हातात दिला. पाचशे माणसं बघत होती. यंत्रणा, विभाग, प्रक्रिया असे शब्द कुलगुरूंच्या ओठांपर्यंत येऊन परत गेलेले पहिल्या रांगेलाही दिसले. शेवटी त्यांनी मान खाली घालून "चूक आमची झाली" एवढंच म्हटलं आणि टाळ्या पडल्या.

पुढच्या महिन्यात नवा नियम निघाला. कुणीही निवृत्त माणूस गेला असं यंत्रणेला वाटलं, तर आधी जिवंत माणसाने त्या घरी फोन करून खात्री करायची. हे काम विषयतज्ज्ञ म्हणून बाईंकडे आलं. परिषदांच्या निमंत्रणांवर त्यांच्या पदव्यांमध्ये 'हयात-खात्री प्रमुख' असं एक पद वाढलं आणि त्याचं नीट इंग्रजी भाषांतर कुणालाच जमेना.

सुरुवातीला बाईंचा नंबर दिसला की निवृत्तांच्या घरात पळापळ व्हायची. "मी आहे हो, आहे!" असं ओरडून लोक फोन ठेवायचे. हळूहळू सवय झाली. यंत्रणेच्या प्रश्नांना मुद्दाम उत्तर द्यायचं नाही, म्हणजे बाईंचा फोन येतो, हे कुणीतरी कुणालातरी सांगितलं असावं. एकट्या राहणाऱ्या एक माजी ग्रंथपाल तर दर महिन्याला यंत्रणेच्या हिशेबी मरू लागल्या. बाईंनी फोन केला की त्या आधी गुडघ्यांचं सांगत, मग सुनेचं, मग वाचून झालेल्या पुस्तकाची गोष्ट अगदी शेवटापर्यंत.

"अगं, जेवण गार होतंय," एकदा नवरा दारातून म्हणाला.

बाईंनी फोनवर हात ठेवला. "सॉरी," त्या म्हणाल्या. "तू बस जेवायला. त्यांची गोष्ट आत्ता कुठे रंगात आलीय."

नवरा ताट वाढता वाढता थांबला, आणि आपण नीट ऐकलं का म्हणून दारात तसाच उभा राहिला.