बुडायला शिकलेले तुतीचे लाकूड

या मित्रांनो, जरा जवळ सरका. अगदी काचेला नाक लावून बसलात तरी चालेल. एका लाकडाला बुडायला किती दिवस लागले, त्याची गोष्ट सांगतो. मी तुतीच्या मुळाचा एक जुना तुकडा आहे.

रशीद गावाच्या वरच्या अंगाला, नाईलच्या काठावर माझे झाड उभे होते. एका वर्षी काठ ढासळला. नदीने मला समुद्रात नेले आणि समुद्राने वाळूत टाकले. तिथे किती उन्हाळे गेले, देव जाणे. माणसे येत, सरपणाजोगा आहे का म्हणून पायाने उलटवून बघत आणि निघून जात.

एके दिवशी उस्ता बय्यूमींनी मला उचलले. चाळीस वर्षे होड्या बांधलेला कारागीर, म्हणून सगळे त्यांना उस्ता म्हणत. त्यांची बायको इन्शिराह हिवाळ्यात देवाघरी गेली होती. तिच्यामागे उरली ही काचेची पेटी आणि तिचा एकुलता एक मासा. हा मासा जातीनेच पोट वर करून, लाकडाच्या पोटाशी चिकटून उलटा राहतो. इन्शिराहने ठेवलेले लाकूड कुजून गेले आणि माशाने खाणेच सोडले. उस्तांनी मातीचा घट ठेवून पाहिला, तर तो तिकडे फिरकलाही नाही.

"हाही गेला तर घरात बोलायचं कुणाशी?" उस्ता म्हणाले. ऐकायला मी एकटाच होतो.

त्यांनी माझा सडका भाग खरवडला, मला घासले, मोठ्या पातेल्यात उकळले, उन्हात वाळवले. मग त्यांचा हात आपोआप जवसाच्या तेलाकडे गेला. माझी एक बाजू चोपडून झाली, तोच शेजारच्या उम्म शौकी दारात आल्या.

"उस्ता, हे काय चालवलंय?"

"लाकूड पाण्यात घालायचंय ना."

"अहो, होडी नाही सोडायचीय, बुडवायचंय त्याला. तेलाचा तवंग आला की संपलाच तुमचा मासा."

उस्ता तेलकट हातांकडे बघत राहिले. "जन्मभर लाकडानं पाणी पिऊ नये म्हणून झटलो गं."

"मग आता पाजा. माझं पातेलं मात्र परत करा, त्यात मी भात शिजवते."

उस्तांनी वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, घेतले आणि तेल लागलेली माझी सगळी साल उतरवली. दुखले, पण हात मायेचा होता. मग टबात मला दगडाखाली दाबून ठेवले. रोज सकाळी ते पाणी बदलत आणि इन्शिराहला आवडणारी पैगंबरांच्या स्तुतीची गाणी गुणगुणत. पाणी आधी कॉफीसारखे काळे होते, मग चहासारखे, मग गवताच्या रंगाचे झाले. तरी दगड काढला की मी वर यायचो. उस्ता पेटीतल्या माशाकडे बघत, उसासा टाकत आणि दगड पुन्हा ठेवत.

तेविसाव्या दिवशी दगड काढला. मी तळाशीच राहिलो.

पेटीत ठेवल्यावर दिवसभर मासा कोपऱ्यातच होता. संध्याकाळी तो हळूच आला आणि उलटा होऊन माझ्या पोटाशी टेकला. रात्रीपर्यंत सकाळी टाकलेले दाणे संपलेले होते.

"इन्शिराह, खाल्लं बघ त्यानं," उस्ता म्हणाले आणि सवयीने उत्तरासाठी थांबले.

मित्रांनो, लाकूड पाण्यात घालायचे तर त्याला वेळ द्या. घाईने तेल, रंग लावू नका. आणि कधी माशांना दाणे टाकाल, तेव्हा एकदा इन्शिराहबाईंचे नाव घ्या. उस्ता रोज घेतात, पण या घरात ते घेणारे दुसरे कुणी नाही.